दम रोखून बुडी मारताय? ध्येय कसे ठरवाल?

आमच्या इन्सुली-बांदा भागात पोहायला शिकताना अनेकांनी तेरेखोल नदीत किंवा गावच्या विहिरीत ‘कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो’ अशी पैज लावलेली असते. टाकी न लावता, एका श्वासात खोल बुडी मारण्याचा हाच प्रकार आज फ्रीडायव्हिंग नावाने स्पर्धेचा खेळ झाला आहे. मालवणच्या समुद्रात त्याचा सराव करायची इच्छा असेल तर मोठे ध्येय जरूर ठेवा; पण शरीर धोक्याची सूचना कधी देत नाही, हे आधी समजून घ्या.

दम का कोंडतो?

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. त्यामुळे दम कोंडल्याची जाणीव उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. उथळ तलावातही हे घडते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही घडते.

वर येताना धोका का?

१० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना हा दाब झपाट्याने घटतो आणि मेंदूला मिळणारा ऑक्सिजनही कमी पडतो. म्हणून शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा डोके पाण्याबाहेर आल्यावरही बेशुद्धी येते. स्पर्धेच्या नियमांतही खोली गाठणे पुरेसे नसते. वर आल्यावर ठरावीक सेकंदांत आपण शुद्धीवर असल्याची खूण करावी लागते.

ध्येय कसे ठरवावे?

• पहिले ध्येय आकड्याचे नसावे. ‘प्रत्येक बुडीनंतर ताजेतवाने वर येणे’ हे असावे.
• एकट्याने सराव कधीच नको. एक जण पाण्याखाली असताना दुसऱ्याने वर लक्ष ठेवावे, वर आल्यावरही किमान ३० सेकंद.
• दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती घ्या. खोल बुड्यांनंतर त्याहून जास्त.
• कानात दुखले तर लगेच वर या. जोर लावू नका.
• प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खोली थोडी थोडी वाढवा. पैजेवर किंवा मद्य घेऊन बुडी नको.

कोणी आधी डॉक्टरांना भेटावे?

फिट्स, दमा, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा पूर्वी चक्कर येऊन पडल्याचा इतिहास असणाऱ्यांनी. गरोदरपणात हा सराव टाळावा. सर्दीत कान व सायनसना इजा होऊ शकते, म्हणून तेव्हा बुडी नको. बुडीनंतर छातीत दुखले, धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आले तर त्याच दिवशी तपासून घ्या.

साथीदार बेशुद्ध झाल्यास

चेहरा ताबडतोब पाण्यावर धरा, मास्क काढा, गालावर थोपटून नावाने हाक मारा. श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्या, किनाऱ्यावर आणा आणि १०८ ला फोन करायला सांगा. तरीही श्वास नसेल तर सीपीआर सुरू करा: छातीवर ३० दाब, मग २ श्वास. उलटे धरून पोटातले पाणी काढण्यात वेळ घालवू नका. शुद्ध परत आली तरी रुग्णालयात न्या.

घरच्यांनी मुलांना ‘किती वेळ राहिलास?’ विचारण्याआधी ‘सोबत कोण होते?’ हे विचारावे.