सरासरीत न मावणारा मुलगा

सरासरी ही हिशेबाची सोय आहे. तिला आईबाप नसतात, भूकही नसते. हजेरीपट आणि पगारपत्रके चाळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हांला हे कोणी निराळे शिकवावे लागले नाही. कुमारवयाच्या अभ्यासकांना मात्र ते उमगण्यास बराच काळ लागला.

१९०४ साली अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी कुमारवयावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. प्रश्नावली हे त्यांचे आवडते साधन. पुष्कळ उत्तरे गोळा करावयाची आणि त्यांतून एक सर्वसाधारण मुलगा उभा करावयाचा. असा मुलगा कोणत्याच घरी जन्मत नाही, हीच अडचण.

१९३२ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी हॅरोल्ड जोन्स व हर्बर्ट स्टोल्झ यांनी दुसरी वाट धरली. पाचवी-सहावीची तीच ती मुले त्यांनी शाळा संपेपर्यंत वर्षानुवर्षे पाहिली. उंची-वजन मोजले, बुद्धीच्या कसोट्या घेतल्या. शिवाय मूल खेळताना कसे वागते, सोबती त्याच्याविषयी काय म्हणतात, आई काय सांगते, हेही टिपले. १९४३ च्या ग्रंथात तर जोन्स यांनी ‘जॉन सँडर्स’ या टोपणनावाखाली एकाच मुलाची वाढ मांडली. शरीर, बुद्धी आणि मैत्री यांची टिपणे एका माणसापाशी एकत्र आली, की एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम दिसू लागतो.

परंतु माणूस कातडीपाशी संपत नाही. ही मुले वाढत होती ती महामंदीत. १९७४ साली ग्लेन एल्डर यांनी त्यांतील १६७ जणांची जुनी दप्तरे उघडून विचारले : १९२९ ते १९३३ या काळात घरची मिळकत किती घटली? जेथे ती बुडाली तेथे मुलगे पगारी कामाला लागले आणि मुलींवर घरकाम पडले. पुढे बर्कलेतील १९२८-२९ साली जन्मलेल्या मुलांशी तुलना करता दिसले, की लहान वयात तडाखा बसलेले मुलगे अधिक खचले. म्हणजे संकट कोणते, एवढेच पुसून भागत नाही. ते कोणत्या वयात आले, हेही पुसावे लागते.

या १६७ जणांत काळ्या कामगारांची मुले नव्हती, ही उणीव आम्ही विसरत नाही. तरी पद्धत खरी. कामगाराच्या पोरावर ‘मठ्ठ’ असा शिक्का मारण्यापूर्वी गुणपत्रिकेशेजारी बापाचे पगारपत्रक ठेवावे, आणि मग त्या पोरालाही बोलू द्यावे.