'स्वीट बीन' : डोराकेकच्या दुकानात काम मागणाऱ्या आजी आणि जपानचा एक विसरलेला कायदा

'डोरेमॉन' बघत मोठे झालेल्यांना डोराकेक वेगळा सांगायला नको. त्याचं खरं नाव दोरायाकी. दोन जाडसर, मऊ, तपकिरी धिरडी आणि मधे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, एवढाच तो पदार्थ. या सारणाला जपानीत 'अन्' म्हणतात आणि २०१५ साली आलेल्या एका सिनेमाचं नावही तेच आहे. (आपल्या बोलीतल्या 'आणि'शी त्याचा काही संबंध नाही.) जगभर तो 'स्वीट बीन' या नावाने ओळखला जातो.

सोशल मीडियावर 'मन शांत करणारे सिनेमे' अशा याद्या फिरतात, त्यांत हा हमखास असतो. चेरीची फुलं, वाफाळतं भांडं, प्रेमळ आजी. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

गोष्ट काय आहे?

सेंतारो नावाचा एक अबोल माणूस दोरायाकीचं छोटं दुकान चालवतो. स्वतःला गोड आवडत नाही. सारण तो कारखान्यातून तयार आणतो, डब्यातलं. एक दिवस शहात्तर वर्षांच्या तोकुए आजी दाराशी येतात. मदतनीस हवा असल्याची पाटी त्यांनी वाचलेली असते. अर्ध्या पगारावरही चालेल म्हणतात. तो वयाचं कारण सांगून टाळतो. मग त्या स्वतः केलेलं सारण डब्यातून आणून देतात. तो डबा कचऱ्यात टाकतो, थोड्या वेळाने परत काढतो, चाखतो आणि गप्प होतो.

यानंतरचा स्वयंपाकाचा प्रसंग हा सिनेमाचा प्राण आहे. आजी पहाटे, उजाडायच्या आधी येतात. भिजवलेले दाणे उकळायचे, पाणी बदलायचं, मंद आचेवर ठेवायचं, वाफेचा वास बदलला का ते बघायचं. साखर घातल्यावरही घाई नाही. दाण्यांची आणि साखरेची आधी ओळख होऊ द्या, नुकतंच स्थळ बघायला बसलेल्या मुलामुलीसारखी, असं त्या सेंतारोला समजावतात. घरी पुरण शिजवणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की पुरण आपण वाटून एकजीव करतो, आणि इथे दाणा मोडू नये म्हणून धडपड चालते.

दुकानासमोर रांगा लागतात. आणि एक दिवस दुकानाची मालकीण येऊन सांगते, त्या बाईंची बोटं पाहिलीत का? लोक कुष्ठरोग आहे म्हणतात. काढून टाक तिला.

आजींच्या हातांचं काय?

कुष्ठरोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर संवेदना जाते, बोटं वाकडी होतात. औषधाने जंतू मरतात, रोग बरा होतो, पण वाकलेली बोटं सरळ होत नाहीत. म्हणजे तोकुए आजींचे हात ही जुन्या आजाराची खूण आहे, आजार नव्हे. त्यांच्या हातचं खाऊन कुणाला काही होणार नव्हतं. तरी रांग ओसरते.

लोक इतके का घाबरले, हे जपानबाहेरच्या प्रेक्षकाला नीट कळत नाही, कारण सिनेमा ते एक-दोन वाक्यांत उरकतो. जपानने १९०७ साली कायदा करून निराधार, भटक्या कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवायला सुरुवात केली. १९३१ मध्ये ती सक्ती सगळ्या रुग्णांवर आली. लोकांनी शेजाऱ्याचं नाव कळवायचं, सरकारी माणसांनी येऊन त्याला घेऊन जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर परिणामकारक औषध हाती आलं होतं, तरीही १९५३ च्या नव्या कायद्यात विलगीकरण तसंच राहिलं. वसाहतीत गेल्यावर अनेकांनी घरच्यांची बदनामी नको म्हणून नाव बदललं. लग्न करता येई, पण त्यासाठी नसबंदीची अट असे. गरोदर बायकांचे गर्भपात केले जात. अस्थी न्यायलाही घरचे येत नसत, म्हणून वसाहतींमध्ये अस्थी ठेवायची स्वतंत्र जागा करावी लागली.

हा कायदा रद्द झाला १९९६ मध्ये. छापायची चूक नाही, खरंच १९९६. कुमामोतोच्या न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली २००१ मध्ये, आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई मिळाली पाहिजे असा निकाल दिला २०१९ मध्ये.

आता हिशेब करा. सिनेमा आला तेव्हा शहात्तर वर्षांच्या असलेल्या तोकुए कायदा गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या असणार. मुलगी असताना आत गेलेल्या. पन्नास वर्षं सारण करत आल्या, पण रस्त्यावरून येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला दोरायाकी बांधून देणं त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. अर्ध्या पगाराची ती विनवणी मग निव्वळ गोड राहत नाही. शाळेतल्या मुलींशी दुकानात गप्पा मारताना त्या इतक्या का खुलतात, तेही उमगतं. आजींना मूल होऊ दिलं गेलं नव्हतं.

आपल्याकडेही हे फार लांबचं नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, पण १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा भारतात रद्द झाला २०१६ मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं २०१९ मध्ये.

बघावा का?

हो, पण संयम ठेवून. उत्तरार्ध रेंगाळतो, आणि चंद्र-पानं-वारा यांची दृश्यं दिग्दर्शिका नाओमी कावासे यांना जरा जास्तच प्रिय आहेत. दुरियान सुकेगावा यांच्या २०१३ च्या कादंबरीवर बेतलेला हा सिनेमा २०१५ च्या कान महोत्सवात 'अन सर्टन रिगार्ड' विभागात दाखवला गेला. सेंतारो झालेला मासातोशी नागासे बहुतेक वेळ न बोलता काम करतो आणि ते पुरतं. त्याच्या मानेवरही एक जुनं ओझं आहे, ते इथे सांगत नाही.

तोकुए आजी साकारणाऱ्या किरिन किकी यांनी स्वतःचा कर्करोग शरीरभर पसरल्याचं २०१३ मध्येच जाहीर केलं होतं. कढईशी वाकून दाण्यांशी बोलणारी बाई बघताना हे माहीत असलेलं बरं. २०१८ मध्ये त्या गेल्या. दुकानात येणारी एकटी शाळकरी मुलगी वाकाना झाली आहे त्यांची सख्खी नात, क्यारा उचिदा.

आजींची वसाहत ज्या धर्तीवर दिसते, ती तामा झेन्शोएन ही खरीखुरी वसाहत टोकियोच्या पश्चिमेला हिगाशिमुरायामात आहे. एके काळी तिच्याभोवती काटेरी पानांच्या झुडपांचं दाट कुंपण होतं. आज तिथे थोडे वृद्ध रहिवासी उरलेत, आणि शेजारी कुष्ठरोगाच्या इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य.