पनवती लागते, माणूस पनवती नसतो

आपल्या इंदुरात ‘पनौती’ हा शब्द मराठी बोलताना जितका सहज येतो तितकाच हिंदी बोलताना. बस चुकली, दूध नासलं, हातातला सामना हरला, की कुणीतरी म्हणतंच, ‘कोण पनौती आलं होतं रे?’ पोरं हसतात, विषय संपतो. पण हाच शब्द घरात नव्या सुनेला चिकटला की संपत नाही. तिच्या गृहप्रवेशानंतर दुकान बसलं, सासरे आजारी पडले, की पायगुण निघतो, ‘पांढऱ्या पायाची’ निघते, आणि अलीकडे ‘पनौती’.

म्हणून या शब्दाचा मूळचा अर्थ आपण बायांनी नीट पाहून ठेवावा. पनवती, गुजरातीत पनोती, हा ज्योतिषातला शब्द आहे आणि तो शनीच्या काळाचं नाव आहे. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो. आपल्या चंद्रराशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास अशा तीन राशी ओलांडायला त्याला साडेसात वर्षं लागतात. ती मोठी पनवती, म्हणजे आपली साडेसाती. चौथ्या किंवा आठव्या राशीत शनी आला की अडीच वर्षांची लहान पनवती. ती सोन्याच्या, रुप्याच्या, तांब्याच्या की लोखंडाच्या पायानं आली हेही ज्योतिषी पाहतात, आणि रुप्याचा किंवा तांब्याचा पाय निघाला तर चांगलं फळ सांगतात. म्हणजे शास्त्रातली पनवतीसुद्धा सरसकट वाईट नाही. गंमत म्हणजे गुजरातीत ‘पनोता पुत्र’ म्हणतात तो भाग्यवान, गुणी मुलगा!

आता वाक्याची ठेवण बघा. ‘त्याला पनवती लागली’ यात पनवती बाहेरून येते, राजालाही लागते नि रंकालाही, आणि मुदत भरली की सुटते. ‘ती पनवती आहे’ यात काळाचा माणूस झाला. त्याला ना मुदत, ना सुटका. ‘लागली’ जाऊन ‘आहे’ आलं, एवढाच फरक. पण सगळा अन्याय त्या एका क्रियापदात आहे.

ही फूटपट्टी किती खोटी, ते पाहायला लांब जायला नको. छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्या आहेत. त्या घराण्याच्या अहिल्याबाईंचं आयुष्य या मापानं मोजून पाहा. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा, खंडेराव, गेला. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी गादीवर बसलेला एकुलता मुलगा, मालेराव, गेला. उतारवयात नातू गेला, जावई गेले आणि १७९१ मध्ये लेक मुक्ताबाई सती गेली. साध्या घरातली बाई असती तर लग्नाच्या हळदीला तिला कुणी पुढे होऊ दिलं असतं का? आणि खंडेरावांच्या मागे सती जायला निघालेल्या याच सुनेला मल्हाररावांनी अडवलं, तिच्या हाती कारभार दिला. १७९५ पर्यंत तिनं माळवा सांभाळला, काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. लोकांनी तिला नाव दिलं पुण्यश्लोक. मरणं तीच, बाई तीच. सासऱ्यानं तिचे पाय पाहिले नाहीत, तिची अक्कल पाहिली.

आपल्या जैन घरांना तर याहून जुनी साक्ष आहे, तीही शेजारच्या उज्जैनची. मैनासुंदरीची कथा आपण सिद्धचक्र विधानात दर वेळी ऐकतो. ‘तुझं सुख कुणामुळे?’ असं राजानं विचारलं तेव्हा ‘तुमच्यामुळे’ असं न म्हणता ती म्हणाली, ‘माझ्या कर्मामुळे.’ रागावून बापानं तिला कुष्ठी श्रीपालाला दिलं. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. पण तिच्या उत्तराची दुसरी बाजू आपण विसरतो. माझं सुख दुसऱ्यानं दिलेलं नसेल, तर तुमचं दुःखही मी आणलेलं नाही. असाता वेदनीय ज्याचं त्याचं. ते सुनेच्या पावलांनी उंबरा ओलांडून येत नाही. शिवाय कर्माच्या बंधालाही स्थिती असते, म्हणजे मुदत असते.

शनिअमावास्येला आपलीच माणसं पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला गर्दी करतात. जरूर जावं. मन शांत होतं, धीर येतो. पण तिथून परत येऊन घरातल्या पोरीला ‘पनौती’ म्हणायचं असेल, तर ते दर्शन कसलं?

शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही, तो जिभेवर बसलेला आहे. फक्त क्रियापद सांभाळा. घरावर वाईट दिवस आले तर म्हणा, ‘आपल्याला पनवती लागली आहे.’ ‘आपल्याला’ म्हटलं की त्यात सूनही आली, आणि ‘लागली’ म्हटलं की ती सुटणारही आली.