समान आयन परिणाम
एखाद्या लवणाच्या संतृप्त विद्रावात त्यातील एक आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) पुरविणारे दुसरे संयुग मिसळल्यास पहिल्या लवणाची विद्राव्यता (विरघळण्याची क्षमता) घटते व त्याचा काही भाग घनरूपात बाहेर पडतो. या आविष्कारास समान आयन परिणाम म्हणतात. दुर्बल अम्ले व क्षारके यांचे आयनीभवनही अशाच रीतीने मंदावते.

या परिणामाचा व्यावहारिक उपयोग त्याच्या उपपत्तीहून फार जुना आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा गावावरून वाहणारी तेरेखोल नदी अरबी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस असलेले शिरोडा हे गाव मिठागरांसाठी प्रसिद्ध असून १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहाचे ते कोकणातील एक प्रमुख केंद्र होते. मिठागरांत पावसाळा सरल्यावर भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवितात. प्रथम कॅल्शियम सल्फेट (जिप्सम) व नंतर, घनता सुमारे २५° बोमे झाल्यावर, मीठ वेगळे होते. हा क्रम ऊझील्यो यांनी १८४९ मध्ये भूमध्य समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करून नोंदविला. पाणी आटत जाते तसे मॅग्नेशियम क्लोराइड साठत जाते. त्यातील क्लोराइड आयनांमुळे मिठाची विद्राव्यता कमी होऊन आणखी मीठ बाहेर पडते. तथापि घनता सुमारे २९° बोमेच्या पुढे गेल्यास मॅग्नेशियमची लवणे मिठात येऊ लागतात. असे मीठ कडवट होते व हवेतील ओलावा शोषून पाझरते. म्हणून उरलेला द्रव वेळीच काढून टाकणे, हेच मिठागरातील खरे कौशल्य होय.

या अनुभवाची उपपत्ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात लाभली. गुल्डबर्ग व वॉगे यांनी १८६४ मध्ये वस्तुमान-क्रिया नियम मांडला आणि आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये विद्रावातील आयनीभवनाचा सिद्धांत मांडला. या दोहोंच्या आधारे नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये, संतृप्त विद्रावातील आयनांच्या संहतींचा गुणाकार ठराविक तापमानास स्थिर असतो, असे दाखविले. सिल्व्हर ॲसिटेटाच्या विद्रावात सिल्व्हर नायट्रेट किंवा सोडियम ॲसिटेट मिसळून त्यांनी हे पडताळले.

हा नियम अल्पविद्राव्य लवणांच्या विरल विद्रावांस चांगला लागू पडतो. मिठागरातील संहत विद्रावात आयनांची परस्परांवरील क्रिया प्रबळ असल्याने संहतीऐवजी त्यांची सक्रियता विचारात घ्यावी लागते.