हिरवळीची शाकारणी

मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता यांची जेथें गांठ पडते, त्या माजिवड्याच्या नाक्यावर आज उभें राहिलें असतां भाताचें खाचर दृष्टीस पडत नाहीं. जुन्या गांवठाणाच्या भोंवतीं उंच इमारतींची दाटी झाली आहे. शेतें गेलीं, गवत मात्र गेलें नाहीं. तें मजलाभर वर चढलें आहे, एवढेंच. मोटारी ठेवण्याच्या मजल्यावर जें विस्तीर्ण छत असतें, त्यावर दोनतीन वितींचा मातीचा थर पसरून त्यांत गवत लावतात, आणि त्या हिरव्या चौकोनाला सर्व रहिवासी 'लॉन' म्हणतात. पावसाळा ओसरल्यावर अशा एखाद्या लॉनवर विजेचें एक बुटकें यंत्र फिरूं लागतें. तें गवत कापीत नाहीं; विंचरतें. तासाभरांत हिरवळीची सगळी रया जाते, जागोजाग माती उघडी पडते, आणि कडेला पिंवळट काडीकचऱ्याचा एवढा ढीग साचतो कीं, वरच्या सज्जांतून पाहणाऱ्या आजोबांना ही निगा नसून नासधूस आहे असें वाटल्यास त्यांचा दोष नाहीं.

ह्या काडीकचऱ्याला इंग्रजींत जो शब्द आहे, तो मूळचा घरावरच्या गवती छपराचा आहे. कोंकणांतील मनुष्याला त्याचा अर्थ फोडून सांगावा लागूं नये. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारण्याची धांदल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना पेंढ्याचा जाड थर पाऊस कसा अडवितो तें ठाऊक आहे. हिरव्या पात्यांच्या खालीं आणि मातीच्या वर गवत स्वतःच अशी एक शाकारणी करीत असतें. जुनीं देठें, जमिनीवरून धांवणारे कोंब, त्यांना फुटलेल्या मुळ्या, कांहीं जिवंत आणि कांहीं मेलेल्या, हीं सारीं एकांत एक गुंततात. हा थर एखाद्या सेंटिमीटरचा असेल तर तो उपकारकच होय. तो माती सुकूं देत नाहीं आणि पावलांचा भार सोसतो. पण तो दोन सेंटिमीटरांच्या पलीकडे गेला, म्हणजे छपराचा गुण अंगीं आणतो. घातलेलें पाणी वरचेवर अडतें, खत वरच राहतें, मुळ्या मातींत उतरण्याऐवजीं त्या ओलसर गादींतच पसरतात, आणि चार दिवस पाणी चुकलें कीं वरून राजेशाही दिसणारी हिरवळ ठिकठिकाणीं करपते. बुरशीला आणि किड्यांना तर तें आयतें घर.

कापलेल्या पात्यांचे तुकडे तेथेंच राहिल्यानें हा थर वाढतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. कोंवळीं पातीं पाणीदार असतात व लवकर कुजतात. लवकर कुजत नाहींत ती देठें आणि ते धांवते कोंब, कारण त्यांत लाकडाचा अंश अधिक. शिवाय नत्रयुक्त खताचा मारा आणि रोज थोडें थोडें पाणी शिंपडण्याची हौस, यांनीं वाढ कुजण्याच्या वेगापुढें धांवूं लागते. म्हणजे पुष्कळदां लाडानेंच हिरवळ बिघडते.

आपल्याकडील हिरवळींत पूर्वापार जें गवत आहे, तें हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतात ती दूर्वा हीच, आणि देशावरचा शेतकरी कुदळ घेऊन जिच्या मुळाशीं हात हात खोल जातो, तीहि हीच. देव्हाऱ्यांत पूज्य, शेतांत वैरी, आणि लॉनमध्यें चाकर, अशा तीन भूमिका एकाच वनस्पतीनें वठविल्याचें दुसरें उदाहरण सहज सांपडणार नाहीं. ती जमिनीवरूनहि धांवते आणि जमिनीखालूनहि. म्हणूनच ती मरत नाहीं आणि म्हणूनच शाकारणीहि भरभर करते. अलीकडे रोपवाटिकांतून 'मेक्सिकन' ह्या नांवानें जें बारीक, दाट गवत विकलें जातें, त्याची गादी तर आणखी घट्ट बसते.

परंतु गवत इतकें सपाट, इतकें आंखूड ठेवावें, ही कल्पना कोठून आली? ती इंग्लंडांतील. तेथें पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, ऊन सौम्य असतें, आणि मेंढ्यांनीं चरून ठेवलेलें कुरण सहजच गालिच्यासारखें दिसतें. श्रीमंतांच्या वाड्यापुढें मेंढ्यांचें काम लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर करीत. पहाटे दंव असतांना, पातें ओलें आहे तोंवर, ते ओळीनें कापीत जात. आणि मागून बायका व मुलें कापलेलें गोळा करीत. मोठी हिरवळ म्हणजे मोठा मजूरवर्ग पोसण्याची ऐपत, असा तिचा उघड अर्थ होता.

हा अर्थ बदलला तो एका कापडगिरणीमुळें. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउडच्या आसपास लोंकरी कापडाचा मोठा धंदा होता. त्या कापडाची लव आधीं वाळलेल्या कांटेरी बोंडांनीं विंचरून उभी करीत, आणि मग फिरत्या पात्यांच्या रुळानें ती सारखी कातरीत. एडविन बडिंग ह्या कारागिरानें तो रूळ पाहिला आणि कापडाऐवजीं गवत कातरण्यास तोच लावला. ३१ ऑगस्ट १८३० रोजीं त्याला ह्या यंत्राचें पेटंट मिळालें. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं एक होतें. खेड्यांतील सद्‌गृहस्थांना हें यंत्र ढकलतांना करमणूक आणि व्यायाम दोन्ही लाभतील, अशी आशा बडिंगनें आपल्या पेटंटाच्या कागदांतच व्यक्त केली होती. किती सद्‌गृहस्थांनीं तें खरोखर स्वतः ढकललें, हा प्रश्न वेगळा!

गिरणींत आधीं विंचरणें आणि मग कातरणें, असा क्रम होता. बागेंत कातरणें प्रथम यंत्राकडे गेलें. विंचरणें पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ दंताळ्यानें, म्हणजे माणसाच्या हातानेंच चाललें. इंजिनावर चालणारीं विंचरणीचीं यंत्रें विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गोल्फच्या आणि खेळाच्या मैदानांवर रुळलीं, आणि घरगुती विजेचीं लहान यंत्रें त्यानंतरचीं. योगायोग असा कीं, ठाण्यासहि लोंकरी कापडाची एक नामांकित गिरणी होती. १९२५ पासून रेमंड ह्या नांवानें चाललेली ही गिरणी २००९ च्या सुमारास बंद झाली, आणि तिच्या विस्तीर्ण जमिनीवर पुढें घरांचे मनोरे उठूं लागले. जेथें कापडाची लव कातरली जात होती, तेथें आतां हिरवळीची कातरली जाणार, असें बडिंगला कोणी सांगितलें असतें तर तो नवल न करतां हंसला असता.

आपल्या देशांत बागा नव्हत्या असें नाहीं, लॉन नव्हतें. मोगलांच्या बागेंत पाण्याचे पाट, फळझाडें आणि फुलांचे वाफे असत. ताजमहालापुढें आज जी मोकळी हिरवळ दिसते, ती लॉर्ड कर्झन यांच्या व्हाइसरॉयपणाच्या काळांतील, म्हणजे १८९९ ते १९०५ मधील, इंग्रजी आवडीची खूण आहे. पुण्याच्या सारसबागेंत तर पेशवाईंत तळें होतें. गणपतीचें देऊळ त्यांतील बेटावर उभें होतें. तळें गेलें, हिरवळ आली, आणि पुणेकरांनीं तिच्यावर बसून भेळ खाण्याचा प्रघात पाडला. लॉनचा इतका चांगला उपयोग इंग्रजांनाहि सुचला नव्हता.

मुंबईंत मात्र गवतावरून खरा तंटा झाला. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर पारशी आणि हिंदु मुलें क्रिकेट खेळत, आणि त्याच जागेवर गोरे अधिकारी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं ओली जमीन खळग्यांची होई, सुकली कीं दगडासारखी घट्ट बसे, आणि तिच्यावर चेंडू कोठें उसळेल याचा नेम राहत नसे. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या स्वतःच्या क्रिकेटच्या जागेवर घोडे जात नसत, ही गोष्ट अर्जदारांच्या लक्षांतून सुटली नव्हती. १८८१ सालीं एतद्देशीय खेळाडूंनीं सरकारकडे अर्ज केला. निकाल कधीं इकडे, कधीं तिकडे झुकत राहिला, आणि अखेर समाजासमाजांच्या जिमखान्यांना समुद्रकांठीं जागा देऊन सरकारनें तो प्रश्न मैदानावरून हलविला. गवत कोणीं तुडवावें आणि कोणीं नाहीं, ही त्या काळांत सत्तेची बाब होती.

तें गवत राखणाऱ्या हातांची कथा याहून कठोर आहे. पुण्याच्या एका पारशी क्लबांत १८९० च्या आसपास बाळू पालवणकर नांवाचा एक पोरगा खेळपट्टी झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें काम महिना तीन रुपयांवर करीत असे. पुढें तो युरोपियनांच्या क्लबांत गेला. तेथें चार रुपये मिळूं लागले. जाळीं बांधावीं, पट्टी आंखावी, टेनिसच्या रेषा माराव्या आणि वेळ पडल्यास साहेबांना चेंडू टाकावा. कॅप्टन ग्रेग हे तास तास त्याच्या गोलंदाजीवर सराव करीत. फलंदाजी करण्याचा प्रसंग त्याला कोणी दिला नाहीं. तो चर्मकार समाजांतील. त्यामुळें हिंदूंच्या संघांत घेतला गेला तेव्हांहि त्याचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत येई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ह्याच बाळूनें ११४ बळी घेतले. जेथें हिरवळीची कल्पना जन्मली त्या देशांत, तेथील माळ्यांनीं राखलेल्या गवतावर, रूळ फिरविणाऱ्यानें हा पराक्रम केला. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ सालीं हिंदु संघाचा कर्णधार झाला.

माजिवड्याच्या त्या यंत्राकडे पुन्हां यावें. त्याच्या पोटांत आडवा रूळ असतो. एका रुळाला तारेच्या लवचिक बोटांची रांग, ती फक्त विंचरते. दुसऱ्याला पोलादी पातीं, तीं मातीला दोनतीन मिलिमीटर चिरतात. साधारण दीड हजार वॉटची मोटर तो जोरानें फिरविते. खोली ठरविण्याची मूठ असते, आणि बहुतेक नुकसान त्या मुठीपाशींच होतें. पहिल्याच फेऱ्यांत सर्व शाकारणी उतरविण्याचा हव्यास धरला कीं गवत मुळासकट उपटून येतें. आधीं गवत आंखूड कापावें, वरवरच्या खोलीवर आरंभ करावा, आणि फार जाड थर असेल तरच आडव्या दिशेनें दुसरा फेरा घालावा. विजेची दोरी पाठीमागें ठेवावी, ओल्या गवतावर यंत्र चालवूं नये, आणि गळतीचा प्रवाह तोडणारी कळ बसविलेली असावी.

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत वसंत आणि शरद असे दोन ऋतु सांगितलेले असतात. ते थंड देशांतील गवतासाठीं. हरळीला ऊब हवी; जखम भरून काढण्याइतकी वाढ ती उबेंतच करते. ठाण्यास वर्षाकांठीं सुमारें शंभर इंच पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. आषाढ-श्रावणांत हें काम केलें तर चिखल उधळतो आणि उघडी माती वाहून जाते. वैशाखांत केलें तर पाण्याची टंचाई आणि उन्हाचा तडाखा. राहतात ते पहिल्या सरींचे थोडे दिवस, आणि पाऊस ओसरून जमीन वाफशावर आलेली असते तो आश्विनाचा काळ. माळ्याला हें पुस्तकाविना ठाऊक असतें. पण यंत्र बहुधा सोसायटीचा ठेकेदार आणतो, आणि ठेकेदाराचा मुहूर्त बिलाच्या तारखेवर ठरतो.

यंत्र बंद पडल्यावर माळी ढिगापाशीं बसतो. सगळाच ढीग मेलेला नसतो. हिरवी गांठ असलेले, बोटभर लांबीचे कोंब तो निवडून ओल्या गोणपाटांत ठेवतो, आणि संध्याकाळीं ऊन उतरल्यावर, जिन्याजवळ जेथें रोजच्या येण्याजाण्यानें टक्कल पडलें आहे तेथें, खुरप्यानें चीर पाडून एकेक गांठ मातींत दाबीत जातो.