व्हेनिस पडायला पाच तास पंचावन्न मिनिटं

रात्री ९:१० । गेममधलं साल १३३८ । उरलेला वेळ ५ तास ५५ मिनिटं

जेवण आटोपून संगणकासमोर बसलो तेव्हा माझ्या राज्याला कसलीच ददात नव्हती. गेम तसा जुना, ‘मेडिव्हल टू: टोटल वॉर’, २००६ सालचा. १०८० ला सुरू होतो, १५३० ला संपतो. टर्न २२५, आणि एका टर्नमध्ये दोन वर्षं सरतात. मी व्हेनिसकडून खेळतो. सुरुवातीला पदरात तीनच गावं असतात: व्हेनिस, रगूसा आणि क्रीट बेटावरचं इराक्लिओन. आता कॉन्स्टँटिनोपल माझं, थेसालोनिका माझं, काळ्या समुद्राच्या पार टोकाचं काफासुद्धा माझं. वैर एकट्या मिलानशी, आणि ते बोलोन्यापलीकडे दबा धरून बसलेलं.

रगूसाकडे मी कित्येक टर्न पाहिलंच नव्हतं. आड्रियाटिकच्या काठावरचं बंदर, उत्पन्न बेताचं. घरात एखादं पोर असं असतंच. त्रास देत नाही म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही.

१०:२० । १३४४ । ४ तास ४५ मिनिटं

पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं. गेम इतिहासाचं वेळापत्रक पाळतो. तेराव्या शतकात मंगोल येतात, चौदाव्या शतकाच्या मध्याला काळी साथ येते. तरीही मी काय केलं? आणखी एक बाजारपेठ बांधली. साथ येणार हे माहीत असणं आणि त्यासाठी पैसा बाजूला काढणं यांत किती अंतर आहे, ते माझ्या खजिन्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं.

११:०५ । १३४६ । ४ तास

निरोप आला: काफात रोग. शहरावर खूण उमटली.

खऱ्या १३४६ मध्ये काफा जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांकडे होतं आणि जानी बेगच्या मंगोल फौजेने त्याला वेढा घातला होता. फौजेत प्लेग पसरला, तेव्हा त्यांनी प्रेतं गोफणयंत्रांनी तटावरून आत फेकली, असं पिआचेन्झाच्या गाब्रिएले दे मुसीने लिहून ठेवलंय. तो स्वतः तिथे नव्हता, असं इतिहासकार मानतात. प्रेतं फेकली असोत वा नसोत, रोग गलबतांतून पश्चिमेला निघाला एवढं खरं.

माझ्या काफाला वेढा नव्हता आणि बाहेर शत्रूही नव्हता. रोग बाहेर न्यायला फक्त मी होतो.

११:४० । १३४८ । ३ तास २५ मिनिटं

या गेममधला प्लेग वाऱ्याने पसरत नाही. तो माणसांबरोबर फिरतो. लागण झालेल्या शहरातली फौज, सेनापती, हेर, वकील बाहेर पडले की रोग त्यांच्यासोबत निघतो आणि ते मुक्कामाला जातील त्या शहरात उतरतो. म्हणजे औषध एकच: कुणालाही हलवायचं नाही. शहर आपलं आपण रिकामं होऊ द्यायचं, लोकसंख्येचा आकडा उतरताना बघत बसायचं आणि माउसवरून हात काढायचा.

पण काफाची शिबंदी दर टर्नला झिजत होती. तिथे माझा सर्वांत तरबेज सेनापती होता. त्याला असाच मरू देऊ? गलबत बंदरातच उभं होतं. मी त्याला उचलला आणि कॉन्स्टँटिनोपलला आणला.

१२:३० । १३५० । २ तास ३५ मिनिटं

कॉन्स्टँटिनोपलवर खूण. सेनापती गेला.

खऱ्या कॉन्स्टँटिनोपलला साथ १३४७ मध्ये पोचली. सम्राट सहावा जॉन कान्ताकुझेनोस याचा धाकटा मुलगा आंद्रोनिकोस तिच्यात दगावला, आणि पुढे बापाने त्या साथीचं वर्णन स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेली गलबतं सिसिलीतल्या मेसिनाला लागली.

माझ्याकडे वर्णन लिहायला सवड नव्हती. शहरात असंतोष वाढला, म्हणून थेसालोनिकाहून कुमक पाठवली. कुमक पोचली, आजारी पडली. दंगा शमल्यावर उरलेले सैनिक परत थेसालोनिकाला धाडले. कर्तबगार कारभाऱ्याने जे करायला हवं ते सगळं मी करत होतो. पुढच्या टर्नला थेसालोनिकावर खूण आली.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, अजून जागाच का?”

“झालंच गं.”

१:१५ । १३५२ । १ तास ५० मिनिटं

इथे मला ती कल्पना सुचली. टोटल वॉर खेळणाऱ्यांत ती जुनी आहे आणि तिची कुणाला फारशी लाज वाटत नाही: लागण झालेला हेर शत्रूच्या शहरात सोडायचा. थेसालोनिकात माझा एक हेर होताच. त्याला मिलानच्या वाटेला लावलं. १३४८ च्या खऱ्या साथीत मिलान इटलीतल्या इतर शहरांच्या मानाने बचावलं होतं. ती चूक आता मी दुरुस्त करणार होतो.

वाट लांबची. रस्त्यात उघड्या रानात कुणी गाठेल म्हणून त्याला आधी झाग्रेबमध्ये मुक्कामाला ठेवलं, मग बोलोन्यात. दोन्ही शहरं माझीच.

१:५० । १३५६ । १ तास १५ मिनिटं

हेर मिलानमध्ये शिरला आणि मिलानवर खूण आली. रात्रीच्या शांततेत मी एकटाच मोठ्याने हसलो.

मग नकाशा मागे सरकवला. झाग्रेबवर खूण, बोलोन्यावर खूण. आणि बोलोन्यातली भालाईतांची एक तुकडी गेल्याच टर्नला मी व्हेनिसला परत बोलावली होती.

२:२० । १३५८ । ४५ मिनिटं

व्हेनिस.

खऱ्या व्हेनिसमध्ये साथ १३४८ च्या सुरुवातीला शिरली. आन्द्रेआ दान्दोलो तेव्हा दोजे होता, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख. मार्चमध्ये महापरिषदेने तीन जणांची समिती नेमली. प्रेतं होड्यांतून बाहेरच्या बेटांवर न्यायची, खड्डे निदान पाच फूट खोल खणायचे, आजारी परक्यांना शहरात आणायचं नाही, असे हुकूम निघाले. रोग कशाने होतो हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं, आणि मी समितीसुद्धा नेमली नव्हती.

आता मात्र पुस्तकी शहाणपण आठवलं. फौज शहरात ठेवली तर झिजणार, म्हणून ती बाहेर माळावर काढायची. दोजेला आणि चांगल्या पलटणींना बाहेर आणलं. आत शहररक्षकांच्या दोन तुकड्या ठेवल्या. चाल चुकीची नव्हती. ती काफात करायला हवी होती, तीसुद्धा फौज कुठेही न पाठवता.

२:५० । १३६० । १५ मिनिटं

मिलानची फौज बोलोन्याला वळसा घालून आली. तीही रोगाने विरळ झालेली, पण माझ्या दोन तुकड्यांपेक्षा कितीतरी दाट. वेढा पडला. दोजेने बाहेरून चढाई केली. त्याच्या पलटणी एरवी शंभराच्या असत, आता पंचविसावर आल्या होत्या. लढाई लुटुपुटीची झाली आणि तो मागे हटला.

३:०५ । १३६२ । शून्य

व्हेनिस पडलं. २८० वर्षं ज्या शहरासाठी खेळलो, त्याच्यावर मिलानचं निशाण चढलं. खाली रोगाची खूण तशीच होती. शहर जिंकणाऱ्याला तीही मिळाली.

३:२०

गेम प्रत्येक टर्नला आपोआप जतन होतो. एक टर्न मागे जाता आलं असतं. पण एक टर्न मागे व्हेनिस होतं ते वेढ्यातलंच. मला जायचं होतं ११:४० ला, आणि तिथला जतन केलेला खेळ केव्हाच पुसला गेला होता.

उरलेली गावं तपासू लागलो तेव्हा रगूसा दिसलं. स्वच्छ. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, कारण मी त्याला विसरलो होतो. माझ्या सबंध राज्यात मी योग्य वागलो तो फक्त याच गावाशी, आणि तेही हलगर्जीपणातून.

खरं रगूसा इतकं नशीबवान नव्हतं. आजचं दुब्रोव्हनिक ते; १३४८ च्या साथीने त्याला चांगलंच भाजून काढलं. म्हणूनच २७ जुलै १३७७ ला तिथल्या महापरिषदेने कायदा केला: रोगाच्या मुलुखातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी महिनाभर राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. कुणाला हाकलायचं नाही, फक्त थांबवायचं. पुढे तिसाचे चाळीस दिवस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीसवरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला.

गेममध्ये हा कायदा करायला बटण नाही. राजधानी मात्र बदलता येते. ती रगूसाला हलवली. हरलेला दोजे आपले मूठभर आजारी लोक घेऊन गलबताने त्याच किनाऱ्याला लागला होता. तटापासून एका चालीवर. आत सेनापतीला मऊ गादी, बाहेर दगड आणि समुद्राचा वारा. माउस त्याच्यावर नेला, मग रगूसाच्या वेशीवर नेला.

तिथून काढून घेतला.

या गेममध्ये टर्न दोन वर्षांचा असला तरी माणूस एका टर्नला सहाच महिन्यांनी म्हातारा होतो. खऱ्या रगूसाने तीस दिवस मागितले होते. माझा सर्वांत छोटा मुक्काम दोन वर्षांचा. दोजे तेवढा टिकेल की नाही, ते मी ठरवू शकत नव्हतो. त्याला किनाऱ्यावरच ठेवून मी टर्न संपवला.