गिटारच्या पोटातली फुली

स्टीलच्या तारा असलेल्या बहुतेक कुठल्याही अकूस्टिक गिटारच्या साउंडहोलमधून एक छोटा आरसा आत सरकवा आणि फोनचा टॉर्च मारा. वरच्या पाटीच्या आतल्या बाजूला लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून गेलेल्या दिसतील. आजूबाजूला आणखी काही बारक्या पट्ट्या. हे एक्स-ब्रेसिंग. मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी जुन्या गिटारी दुरुस्त करतो. गिटार हातात आली की तिचं नाव-गाव मी नंतर वाचतो, आधी ही फुली बघतो.

साध्या, हलक्या जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की ब्रिजवर साधारण ७० ते ७५ किलोचा ताण येतो. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास त्या ब्रिजला लोंबकळतोय असं समजा. आणि हा ताण पेलणारी स्प्रूसची पाटी जेमतेम तीन मिलिमीटर जाड. ती आणखी जाड केली तर टिकेल, पण हलणार नाही, आणि हलली नाही तर वाजणार नाही. पातळ केली तर मस्त वाजेल आणि काही वर्षांत फुगून बसेल. गेल्या दोनशे वर्षांत गिटार बनवणाऱ्यांनी जे काही केलं, त्यातलं बरंचसं या एका भांडणापायी केलं.

स्पेनमधल्या अल्मेरियाजवळ १८१७ मध्ये जन्मलेला अँटोनियो डी टोरेस हा मुळातला सुतार. त्याच्या काळात तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असत, त्यामुळे ताण बराच कमी. टोरेसने गिटारचं पोट मोठं केलं, पाटी पातळ ठेवली आणि तिच्याखाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या लावल्या. पण आवाज नक्की कशातून येतो? १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी केली की वरची पाटी लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज पाटीतून येतो हे दाखवायला याहून साफ प्रयोग सुचणं कठीण आहे. बाकी सगळं कायम ठेवून एकच व्हेरिएबल बदलायचं, हे आम्हाला इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये शिकवलं गेलं. या सुताराला ते कोणी शिकवलं होतं कोण जाणे. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे एवढं सिद्ध होऊनही जगाचं पाठीच्या लाकडाचं वेड काही गेलं नाही. ब्राझीलच्या रोझवूडसाठी इतकी झाडं पडली की निर्यातीवर बंधनं आली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडची शिसव वापरायला घेतली. पश्चिम घाटातही उगवणारं तेच हे झाड. २०१७ पासून त्याच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधनं आली; तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या शेवटी.

आता त्या फुलीकडे. तिची गोष्ट सुरू होते जर्मनीत, सॅक्सनीतल्या मार्कनोयकिर्खेन या वाद्यं बनवणाऱ्यांच्या गावात. तिथे व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात वाद पेटला होता. व्हायोलिनवाल्यांचं म्हणणं, वाद्यं करण्याचा हक्क आमचा, सुतारांनी कपाटं करावीत. सुतारांच्या बाजूला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन नावाचा तरुण होता, व्हिएन्नात गिटारकाम शिकून आलेला. सुतारांनी आपला हक्क राखला, तरी १८३३ मध्ये मार्टिन बिऱ्हाड उचलून न्यूयॉर्कला गेला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाला. १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींमध्ये ही फुली दिसू लागते. अमेरिकेत आलेले इतर काही जर्मन कारागीरही तेव्हा ती वापरत होते, त्यामुळे ‘शोध एकट्या मार्टिनचा’ असं मी म्हणणार नाही.

महत्त्वाचं हे की ही फुली तातीच्या तारांसाठी होती. स्टीलचा ताण तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना मोठा आवाज हवा झाला, स्टीलच्या तारा आल्या, आणि ऐंशी वर्षांपूर्वीचं डिझाइन थोडं दणकट केल्यावर हा नवा भार पेलू शकलं. पंख्यासारख्या बारीक पट्ट्यांना हे झेपलं नसतं. मार्टिनने १९२२ पासून स्टीलसाठी गिटारी करायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये आपल्या नावाने ड्रेडनॉट हा मोठ्या पोटाचा आकार बाजारात आणला.

तीसच्या दशकातल्या या गिटारींसाठी आज लोक वेडे होतात, कारण त्यांच्या फुलीच्या पट्ट्या मध्ये तासून हलक्या केलेल्या असत. पाटी मोकळी हलायची. पण लोक त्यांवर जाड तारा चढवायचे, ब्रिजमागे पाटी फुगायची आणि गिटार दुरुस्तीसाठी कारखान्यात परत यायची. शेवटी १९४४ च्या अखेरीस मार्टिनने पट्ट्या तासणं बंद केलं. पुढची तीसेक वर्षं जगाने जो मार्टिनचा आवाज ऐकला तो असा दुरुस्तीच्या टेबलावर ठरलेला होता. मला कंपनीचा राग येत नाही. वॉरंटी देणाऱ्याने घाबरावंच. पण साठच्या दशकात काही दुरुस्ती करणारे साउंडहोलमधून हात घालून, आंधळेपणाने, त्या जाड पट्ट्या पुन्हा तासू लागले. आवाज मोकळा होतोय हे वादकांना कळलं, आणि १९७६ मध्ये कंपनीनेच तासलेल्या पट्ट्यांची एचडी-२८ काढली.

याच सुमारास ही विद्या कारखान्याबाहेर आली. अर्व्हिंग स्लोनचं क्लासिकल गिटार बनवण्यावरचं पुस्तक १९६६ चं. मार्कनोयकिर्खेनमध्ये ज्या हक्कावरून संघ भांडले, तो आता रंधा आणि पटाशी असलेल्या कोणालाही मिळाला.

तरी ताण आपलं काम करतच राहतो. तीस-चाळीस वर्षांत नेक पुढे झुकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. यावर एकच खरा उपाय: नेक काढून पुन्हा बसवायची. जुन्या गिटारींची नेक डव्हटेल सांध्यात सरसाने चिकटवलेली असते. पंधरावा फ्रेट उपसायचा, त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडायचं आणि सांध्यात वाफ सोडायची. मी प्रेशर कुकरला शिट्टीच्या जागी नळी लावून ही वाफ घेतो. सरस उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. जनावराच्या कातड्यापासून केलेल्या या गोंदात पुढच्या माणसासाठी अनडूची सोय आहे. गेल्या वर्षी आलेल्या एका गिटारीत आधीच्या कोणीतरी एपॉक्सी भरलं होतं. ते वाफेला दाद देत नाही. तिथे मग करवत चालवून सांधाच कापावा लागतो.

नेक सुटली की तिच्या टाचेचं लाकूड कागदाएवढ्या थरांनी तासायचं, बसवून बघायचं, पुन्हा तासायचं. सगळं मिळून एखादा मिलिमीटर निघतो. फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याला टेकली की थांबायचं, ताजा सरस गरम करायचा आणि क्लॅम्प लावून रात्रभर हात लावायचा नाही.